चोकीरावला जाऊन आलेले मालक

डोंबिवलीत खोली बघायला गेलो तेव्हा मालकांनी मला पगार विचारला नाही, गाव विचारलं नाही, घरात माणसं किती तेही विचारलं नाही. ओट्यावर बसून कसलंतरी पान चघळत त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "बटाटा खातंस ना?"

मी म्हटलं, खातो.

"उपासाला?"

उपासाला तर जरा जास्तच खातो, असं मी खरं तेच सांगितलं. मालक खूश झाले. दोन खिडक्यांची कोपऱ्यातली खोली, जिच्यासाठी आधी चारजण हेलपाटे घालून गेले होते, ती मला मिळाली.

या प्रश्नाचा उलगडा पहिल्या एकादशीला झाला. बायको चुलीवर बटाट्याची भाजी परतत होती. शेजारी भिजवलेला साबुदाणा, कुटलेले दाणे आणि मिरच्या होत्या. मालक दारात येऊन उभे राहिले, नाकाने वास घेतला आणि गंभीरपणे विचारलं, "बाय, यो बटाटा कुनाचा?" बाजारातला, ती म्हणाली. मालकांनी मान हलवली. "बटाटा चोकीरावचा. दाना बी चोकीरावचा. मिरची बी त्याचीच. तुमचा देव उपाशी, चोकीराव जेवतंय." एवढं बोलून ते पुढच्या खोलीच्या दारात गेले. तिथेही तेच बोलले. चाळीतल्या सगळ्या उपासकरी बायकांना दर एकादशीला हे ऐकून घ्यावं लागायचं.

चोकीराव म्हणजे कल्याणच्या बाजारातला बटाट्याचा ठोक व्यापारी असावा, असा माझ्या बायकोचा समज झाला. आमच्या शेजारी हायस्कुलात भूगोल शिकवणारे एक मास्तर राहायचे. त्यांच्या मते चोकीराव हा मालकांचा आंबिवलीकडचा कुणी नातेवाईक होता, बहुधा पाटील. मला तो मालकांचा बोटीवरचा दोस्त वाटायचा, कारण मालक तरुणपणी बोटीवर होते हे मला समजलं होतं.

मालक मूळचे इथलेच, आगरी. घरची भातशेती होती. पोरवयात भावाशी भांडून ते मुंबईला पळाले आणि बोटीवर कोळसा मारायच्या कामाला लागले. लढाईनंतर डोंबिवलीत नोकरदार माणसांची रीघ लागली, तेव्हा त्यांनी शेताच्या उंचवट्यावर चाळ बांधली आणि आम्हा कारकून, मास्तर, ड्राफ्ट्समन मंडळींना भाड्याने दिली. मी ड्राफ्ट्समन. फोर्टातल्या एका कचेरीत पुलांचे आणि गोदामांचे नकाशे काढत असे. मालकांना आमच्या शिक्षणाबद्दल आदर होता, पण तो उंबऱ्याबाहेरचा. नेहमीच्या बोलण्यात ते आम्हाला अडाणीच समजत.

त्यांच्या बऱ्याच सवयींचं मूळ कुठे आहे ते आम्हाला कळत नसे. उदाहरणार्थ पान. ते विड्याचं नसायचं. कुंपणाचं, रानातलं, कुठलंही झुडूप दिसलं की मालक त्याचं एक पान तोडून गालात ठेवायचे, थोडा वेळ डोळे मिटायचे आणि "नाय, यो नाय" म्हणून थुंकायचे. डोंगरात खाल्लेल्या कुठल्याशा पानाची चव ते डोंबिवलीत शोधत होते. ते पान गालात असलं की भूक लागत नाही, दम लागत नाही, असं त्यांचं सांगणं होतं. एकदा त्यांनी स्टेशनच्या वाटेवरच्या कुठल्याशा झुडपाचं पान चघळलं आणि त्यांचे ओठ एवढे सुजले की दोन दिवस त्यांना बोलता येईना. त्या दोन दिवसांत एक एकादशीही आली होती. बायकांनी ती फार शांतपणे केली.

मग ती भिंत. सिमेंट परवान्याशिवाय मिळत नसे त्या काळी. मालक म्हणाले, चोकीरावला सिमेंट कोन बघतंय. त्यांनी खाणीतून काळा दगड आणवला आणि स्वतः छिन्नी घेऊन, दगडाला दगड घासून, चुन्याचा कणही न वापरता चाळीपुढे छातीएवढी भिंत रचली. वर्ष गेलं त्यात. भिंत पुरी झाल्यावर त्यांनी जाहीर केलं की दोन दगडांच्या मध्ये जो सुरीचं पातं घालून दाखवील, त्याला नव्या तांदळाचं एक पोतं. रेशनच्या दिवसांत हे ऐकल्यावर चाळीत काय झालं असेल ते सांगायला नको. कचेरीतून आलेली माणसं चहा न पिता सुऱ्या घेऊन भिंतीशी उकिडवी बसू लागली. मास्तरांनी दाढीचं पातं आणलं. कुणाचंच पातं आत जाईना.

एके दुपारी पुरुष कामावर गेलेले असताना माझी बायको विहिरीवर निघाली, तर मालक ओल्या मातीचा गोळा घेऊन भिंतीच्या फटी बोटाने लिंपत होते. वरून शेवाळ चिकटवत होते. त्यांनी तिला पाहिलं, ओठांवर बोट ठेवलं आणि पुन्हा कामाला लागले. दुसऱ्या दिवशी आमच्या दारात पायलीभर तांदूळ कुणीतरी ठेवून गेलं होतं. तो भात आम्ही खाल्ला आणि बायको गप्प राहिली.

मालकांपेक्षा चाळीला धाक होता तो त्यांच्या बायकोचा. त्यांना आम्ही सगळे काकी म्हणायचो. बुटक्या, गोल, काष्टा घट्ट मारलेल्या, हातभर हिरवा चुडा. विहिरीचा दोर त्यांच्या ताब्यात असायचा. पाणी भरण्यावरून कुणाचं भांडण लागलं की काकी फक्त दोर उचलून घरात नेत आणि भांडण मिटे. मालक बोटीवर गेले तेव्हा त्यांचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. मग चार पावसाळे मालकांचा पत्ता नव्हता. बोट परत आली, हे आले नाहीत. गावातल्या जाणत्यांनी ठरवलं की पोरगा बुडाला, हिच्या बांगड्या फोडायला हव्यात. तेव्हा काकी कोयता घेऊन दारात बसल्या आणि ज्याला फोडायच्या त्याने पुढे या, म्हणाल्या. कुणी पुढे आलं नाही. पाचव्या वर्षी मालक एक पत्र्याची पेटी घेऊन बांधावरून चालत आले. कुठे होतास, असं काकींनी विचारलं. "चोकीरावला व्हतो," मालक म्हणाले.

काकींनी याचा अर्थ असा घेतला की परमुलखात चोकीराव नावाच्या भल्या माणसाने आपल्या नवऱ्याला आसरा दिला. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. दरवर्षी नवा तांदूळ आला की त्यातला मूठभर त्या चोकीरावाच्या नावाने बाजूला काढून कावळ्यांना घालत. हे चाळीला माहीत होतं. पुढे जे झालं ते होईपर्यंत आम्हाला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

मालकांनी चाळीतली एक खोली आम्हाला वाचनालयासाठी फुकट दिली होती. त्या वाचनालयाच्या वाढदिवशी ठाण्याहून एक वक्ते यायचे होते, त्यांचा आयत्या वेळी निरोप आला की ताप भरला आहे. मास्तरांना खोडी सुचली. त्यांनी फळ्यावर खडूने लिहिलं, 'पेरू देशातील माझे दिवस', आणि खाली वक्ते म्हणून मालकांचं नाव. मालकांची बोट पेरू नावाच्या देशाच्या बंदरात बरेच दिवस नादुरुस्त पडून होती, एवढं त्यांच्या बोलण्यातून आम्हाला कळलं होतं. अर्ध्या डोंबिवलीला वाटलं की पेरूच्या बागांवर व्याख्यान आहे. दोन बागाईतदार तर खताची माहिती मिळेल म्हणून आले.

रविवारची दुपार. अंगणात पुरुष सतरंजीवर, बायका ओट्यावर. बायकांत सगळ्यांत पुढे काकी. नवऱ्याचं भाषण म्हणून नवं लुगडं नेसून आल्या होत्या. मालकांनी बोटीवरचा निळा कोट घातला होता, त्याला एकच पितळी बटण उरलं होतं.

आणि मालक बोलले छान. बॉयलर फुटला, बोट लागून राहिली, तेव्हा ते आगगाडीत बसून डोंगरात गेले. तिथे एका साहेबाने रान तोडायला माणसं लावली होती. डोंगरावर जुन्या राजांचं ओसाड गाव होतं, रानात बुडालेलं, तिथे सोनं पुरलंय असं त्याला कुणी सांगितलं होतं. वाट अशी की आधी दिवसभर उतरून नदीशी जायचं, मग दुसरा दिवस चढायचं, आणि वर पोचलं की ती नदी दोऱ्यासारखी दिसते. हवा इतकी पातळ की पुरत नाही. गिधाडाचे पंख आपल्या ओट्यापासून विहिरीपर्यंत. मागच्या वेळी आम्हाला सांगितलं तेव्हा ते दारापासून तुळशीपर्यंत होते. डोंगराच्या उतारावर दगडी बांध, एकावर एक, आपल्या भाताच्या खाचरांसारखे, पण आभाळापर्यंत. बटाटा, दाणा, मिरची, सगळं मूळ तिथलंच. रान तोडता तोडता एका बांधाच्या काळ्या दगडांत पांढऱ्या दगडांची लांब मानेची मेंढरं बसवलेली निघाली. सोनं मात्र निघालं नाही.

लांब मानेच्या मेंढरांना लोक पोट धरून हसले. फार वर्षांनी, माझे केस पिकल्यावर, एका वर्तमानपत्रात मी वाचलं की त्या डोंगरावर काळ्या बांधांत पांढऱ्या दगडांचे लांब मानेचे प्राणी सापडले आहेत. मालकांनी ते खरंच पाहिले होते की त्यांच्या शंभर थापांपैकी एक नेमकी लागली, हे मला सांगता येणार नाही.

चोकीराव हे त्या डोंगरावरच्या गावाचंच नाव, हे मास्तरांनी आदल्या दिवशी मालकांकडून काढून घेतलं होतं. ते आता शाळेचा मोठा नकाशा घेऊन उठले. हा पेरू देश, यात चोकीराव कुठे आहे ते दाखवा, म्हणाले. मालकांना वाचता येत नव्हतं. त्यांचं बोट नकाशावर इकडून तिकडे फिरलं. मास्तरांनी सभेला सांगितलं की आपण रात्रभर भिंग लावून पाहिलं आहे, असलं गाव नकाशात नाही.

"कसं असंल?" मालक शांतपणे म्हणाले. "नकाशा खालून कारलाय. वर कोन जातंय?"

लोक आता मालकांच्या बाजूने हसले. मास्तर चिडले आणि त्यांनी विचारलं, निदान त्या नावाचा अर्थ तरी सांगा.

"सोन्याचा पालना," मालक म्हणाले.

काकी ओट्यावर उठून उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज एरवी रेल्वेच्या फाटकापर्यंत जायचा, तेव्हा मात्र तो बेताचाच निघाला.

"चोकीराव मानूस नाय?"

"मानूस कुठला? गाव हाय. परका गाव. कोन राहत नाय."

"कोन राहत नाय, तं चार पावसाले तुला जेवाला कोन घालत व्हतं?"

मालकांनी कोटाचं बटण चाचपलं. थाप मारायची झाली तर त्यांना क्षण लागत नसे, पण या वेळी ती आली नाही. "व्हती एक बाय," ते म्हणाले.

"आन पालना?"

सगळं अंगण हसलं. बागाईतदारही हसले. काकी हसल्या नाहीत. त्या घरात गेल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बोचकं घेऊन माहेरी, माजिवड्याला, निघून गेल्या. जाताना विहिरीचा दोरही घेऊन गेल्या.

आम्हा पुरुषांना चार दिवस ही गंमतच वाटत होती. माझ्या बायकोने ती उतरवली. चाळीस वर्षं ज्या माणसाचे उपकार मानून ती बाई तांदूळ काढून ठेवत होती, तो माणूसच तुम्ही सभेत पुसून टाकलात, ती म्हणाली. वर गावही नाही म्हणून सांगितलंत. मग उरलं काय? एक बाई आणि एक पाळणा. आता तुम्हीच ते गाव शोधून काढा.

मालक ओट्यावर बसून असायचे. पान चघळणं बंद झालं होतं. रोज बटाटे उकडायचे आणि मीठ लावून खायचे. मी जवळ जाऊन बसलो तेव्हा त्यांनी सांगितलं की ती बाई रान तोडणाऱ्या सगळ्या गड्यांसाठी रांधायची, रोज बटाटाच, आणि पाळणा हे डोंगराचं नाव आहे, त्याला ते काय करणार. मग तुम्ही तिथे चार वर्षं का राहिलात, मी विचारलं. त्यांनी हातातला बटाटा ताटलीत ठेवला. "बोटीवर आमी खाली भट्टीशी," म्हणाले. "सूर्य दिसत नसे. वर गेलो आन बगितलं, ढग आपल्या पायाखाली. मना खाली यावासा वाटंना." त्यात काकींचा विचार कुठे होता, ते मी विचारलं नाही. त्या बाईबद्दलही जास्त विचारलं नाही.

मास्तरांना आता झोप लागेना. शनिवारी अर्ध्या दिवसानंतर ते आणि मी मुंबईतल्या एका जुन्या ग्रंथालयात जाऊ लागलो. पेरू देशावरचं जे मिळेल ते काढत होतो. पण चोकीरावचं स्पेलिंग काय असतं ते कोणाला ठाऊक? 'च'च्या सगळ्या शक्यता मास्तरांनी तपासल्या. शेवटी एका साहेबी मासिकाच्या बांधलेल्या जुन्या खंडात डोंगरातल्या भग्न गावाचा एक फोटो सापडला. खाली लांबलचक नाव. मास्तर एकेक अक्षर लावत पुटपुटू लागले. चो. क्वे. की. रा. ऊ. मग जरा भरभर. मग ते एकदम उभे राहिले आणि त्या शांत दालनात मोठ्याने म्हणाले, "अहो, चोकीराव!" ग्रंथपालाने आम्हाला बाहेर काढायची तयारी केली. मास्तरांनी त्याचे हात धरले आणि म्हणाले, एका बाईचा संसार आहे हो.

खंड बाहेर नेता येत नव्हता. पुढच्या शनिवारी मी कचेरीतून ट्रेसिंगचा कागद नेला आणि फोटो उतरवू लागलो. बांध होते, एकावर एक, आभाळापर्यंत. वर निमुळत्या होत गेलेल्या दारांच्या पडक्या भिंती होत्या. दोन खेचरं होती, टोपीवाले चार गडी होते. आणि कडेला घेरदार घागरा घातलेली, दोन वेण्यांची, हातात वाडगं धरलेली एक बाई होती.

"ही नको," मास्तर म्हणाले.

मी म्हटलं, नक्कल करायची तर पुरी करायला हवी. त्यांनी मला आपण कशासाठी चाललो आहोत याची आठवण करून दिली. आमची हळू आवाजात बरीच बाचाबाची झाली. शेवटी मास्तरांनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि त्या बाईला चांगली झुबकेदार मिशी काढली. म्हणाले, झालं काम.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं आणि माझी बायको ठाण्याला उतरून चालत माजिवड्याला गेलो. काकींच्या भावाचं घर खाडीकडच्या बाजूला होतं. काकी अंगणात तांदूळ पाखडत बसल्या होत्या. आम्हाला पाहून त्यांनी या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. मास्तरांनी वाटेत पाठ केलेलं सगळं सांगितलं. गाव आहे, छापलेलं आहे, नकाशा अपुरा होता, चूक आपली. मी कागद त्यांच्या पुढच्या सुपावर पसरला.

काकींनी तो बराच वेळ पाहिला. बांधांवरून बोट फिरवलं. खेचरं पाहिली. मग बोट कडेला आलं आणि तिथेच थांबलं.

"या मिशीवाल्यानं लुगरं का नेसलंय?"

मास्तर खाली पाहू लागले. माझ्या बायकोने पदर तोंडाला लावला. ती हसू आवरत होती हे काकींना दिसलं. त्यांनी सरळ मला विचारलं, "खरं सांग. म्हातारी व्हती का तरनी?"

मी सांगितलं की काकी, फोटोत ती बाई माझ्या नखाएवढी होती. तोंड दिसत नव्हतं. ती तीच होती की दुसरी कुणी, तेही माहीत नाही. मिशी मात्र आमची.

काकींनी पुन्हा बांधांकडे पाहिलं. शेतकऱ्याची मुलगी होती ती, एवढे बांध घालायला किती माणसं लागली असतील याचा हिशेब तिला आमच्याहून लवकर झाला असावा. "हे कोनी घातले?" त्यांनी विचारलं. मास्तरांनी सांगितलं, तिथल्या राजांच्या रयतेने, फार वर्षांपूर्वी. ते लोक गाव सोडून निघून गेले.

"सगले?"

"सगळे."

"परत नाय आयले?"

"नाही आले."

काकींनी सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. "आमचा येकटा तं आयला," त्या म्हणाल्या आणि बोचकं बांधायला आत गेल्या.

मालक स्टेशनवर घ्यायला आले नव्हते. त्यांना आम्ही कळवलंच नव्हतं. काकी अंगणात शिरल्या तेव्हा ते बटाटे सोलत होते. काकींनी पातेलं उचललं आणि सगळे बटाटे गोठ्यातल्या म्हशीपुढे ओतले. मग भात टाकला. दोघं काही बोलली असतील तर ते आम्ही ऐकलं नाही. माझ्या बायकोने भिंतीला कान लावला होता, तिलाही काही ऐकू आलं नाही.

तो कागद काकींनी चौकट करून ओटीवर लावला, मिशीसकट. आणि हळूहळू चोकीराव त्यांचा झाला. विहिरीवर बायकांना त्या सांगायच्या, नदी कशी दोऱ्यासारखी दिसते, हवा कशी पुरत नाही, ढग कसे पायाखाली येतात. गिधाडाचे पंख त्यांनी पार फाटकापर्यंत नेले. मालकांची तेवढं लांब न्यायची छाती कधी झाली नव्हती. ते ओट्यावर पान चघळत ऐकायचे. एकदा मला हळूच म्हणाले, ती नदी चुकीच्या अंगाला सांगते. मग सांगा ना तिला, मी म्हटलं. मालकांनी नको म्हणून मान हलवली.

पुढे चाळीत नवी बिऱ्हाडं आली. त्यांना जुनं काही ठाऊक नव्हतं. काकीच तरुणपणी बोटीने कुठेतरी जाऊन आल्या आहेत असं ती मंडळी धरून चालत. एका नव्या भाडेकरूने मालकांना माझ्यादेखतच विचारलं, काकी एवढ्या लांब जाऊन आल्या, तुम्ही नाही का गेलात बरोबर?

मालकांनी तोंडातलं पान या गालातून त्या गालात नेलं. आत काकी चुलीशी बसल्या होत्या, त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात ते म्हणाले, "नाय रं. ती गेलती. मी घरा व्हतो, तिची वाट बगत."